खुणेपेक्षा कणभर खाली

६ जानेवारी

बारके,

खुशालीचं शेवटी लिहितो, आधी काम. फोन का करत नाही म्हणून फुगू नकोस. पस्तीस वर्षं बर्नरच्या गोंगाटात काढल्यावर कान कामातून गेलेत. तुझं अर्धं वाक्य ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने घालतो. त्यावरून मागे काय गोंधळ झाला ते तुझी वहिनी अजून चारचौघांत सांगते.

तू शाळेत असताना मैत्रिणींना सांगायचीस, "माझा दादा रेघ मारतो," आणि त्या हसायच्या. त्याच रेघेचं काम निघालंय. औषधांच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेला आमचे मापाचे फ्लास्क जातात. काच फुगवणारे दुसरे, गळ्यावरची एकच एक रेघ माझी, मोजलेलं पाणी घालून त्याच्या पातळीवर मारलेली. तिथपर्यंत पाणी भरलं की बरोबर दोनशे पन्नास मिली. या वेळी दोन डझन परत आले आणि खोक्यात तिथल्या तपासणीवाल्या बाईंची चिठ्ठी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मालकांचं इंग्रजी यस, नो आणि थँक्यूवर संपतं. ते म्हणाले, "रेघमास्तर, तुमची बहीण इंग्रजी शिकवते ना? मग तिलाच विचारा." अक्षरं मला लागतात. लिहिलंय, "नॉट क्वाइट अप टू द मार्क." मार्क म्हणजे खूण, तो तर माझा धंदाच. पण क्वाइट म्हणजे शांत ना? फ्लास्क शांत नाही म्हणजे काय? तो काय बोलतो का?

लवकर कळव. मालकांच्या टेबलावर रेघा मारायच्या मशीनचं रंगीत पुस्तक आलंय. ते म्हणाले, माल असा परत यायला लागला तर विचार करावा लागेल. मला आता एकसष्ट झाली. माझ्या स्टुलावर मशीन बसलं तर मी कुठे बसू?

बाकी खुशाल.

दादा

११ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं तेव्हा समोर सहामाहीच्या वह्यांचे चार गठ्ठे होते, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. पाठ मोडलीय.

शांत म्हणजे तो वेगळा शब्द, स्पेलिंगमध्ये शेवटची दोन अक्षरं उलटसुलट. माझी नववीची पोरंही हेच करतात, तेव्हा तू चांगल्या संगतीत आहेस. इथे क्वाइट म्हणजे "अगदी". बाईंना म्हणायचंय की अगदी खुणेला नाही, पण जवळपास आहे. एवढंच. इंग्रजीत अशी बोलायची रीत असते, मनाला लावून घेऊ नकोस.

पण एकदा डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर किती वर्षांत बदललेला नाही? वहिनीला नमस्कार.

तुझी,
बारकी

२ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या पत्राने डोक्यावरचं ओझं उतरलं. "अगदी खुणेला नाही, जवळपास आहे." म्हणजे पाणी ग! त्या लोकांनी पाणी खुणेपर्यंत भरलंच नाही. जवळपास आणून सोडून दिलं, मग कमी भरणारच. मालकांना सांगितलं तर ते टेबलावर हात आपटून हसले. त्यांनी स्वतः इंग्रजीत पत्र धाडलं. मी पाहिलं. एकच ओळ होती, "प्लीज फिल फुल. थँक्यू."

सोबत नवे दोन डझन पाठवले. ते ठेवून घेतले, पण परत चिठ्ठी आहे. बाई मला पाण्यात पाहतात की काय कोण जाणे. तसंही त्यांचं कामच पाण्यात पाहायचं. या वेळी लांबलचक लिहिलंय, वेगळ्या कागदावर उतरवून देतोय. "लीव्ह्ज समथिंग टू बी डिझायर्ड." डिझायर म्हणजे इच्छा, हे मी स्वतः शोधलं. कसली इच्छा झालीय बाईंना?

डोळ्यांचं बघतो. घाई काय आहे? केसाएवढी रेघ मला अजून दिसते.

दादा

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं शोधणं बरोबर आहे. डिझायर म्हणजे इच्छा. बाई म्हणतायत, हा माल पाहून अजून हवंसं वाटतं.

वह्या तपासायच्या आहेत म्हणून थोडक्यात आटपते. डोळे मात्र तपास. माझी शपथ समज.

बारकी

९ मार्च

बारके,

तुझं चार ओळींचं पत्र मालकांनी दोनदा वाचायला लावलं. "अजून हवंसं वाटतं." लगेच साठ फ्लास्क करायला सांगितले. मशीनचं पुस्तक खणात गेलंय, मी डोळ्यांनी पाहिलं. महिनाभर मान वर केली नाही. काल शेवटच्या फ्लास्कला रेघ मारली आणि स्टुलावरून उतरताना कंबर धरून दोन मिनिटं तसाच उभा होतो. पण समाधान वाटलं. या वयात कोणी "अजून" म्हणतं तेव्हा काय वाटतं ते तुला कसं सांगू?

तुझ्या शपथेपायी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांच्या त्या यंत्रापुढे हनुवटी टेकायची असते. माझी काही पोचेना, मग त्यांनी खुर्ची पायाने दाबून दाबून वर घेतली. न्हाव्याकडे बसल्यागत वाटलं. डोळे ठणठणीत आहेत. चष्माही तोच चालेल म्हणाले. झालं समाधान?

घरी मात्र सगळ्यांनी माझ्याविरुद्ध कट केलाय. वहिनीने दाढीचा आरसा वर टांगलाय. कपाळ दिसतं, हनुवटी दिसत नाही, परवा कापून घेतलं. ती म्हणते, आरशाला हातही लावलेला नाही. फळीवरचा चहाचा डबासुद्धा मागे सरकवून ठेवते आणि वर मलाच विचारते, "हात नाही का पुरत?"

सुट्टीत ये.

दादा

४ एप्रिल

साठच्या साठ परत आले.

चिठ्ठीवर लिहिलंय, "फॉल्स शॉर्ट." या वेळी तुला विचारत बसलो नाही. तुला नोकरी लागली तेव्हा तू मला जाडजूड शब्दकोश दिला होतास. तो काढला. त्याच्या शेवटच्या पानांत असे जोडशब्द दिलेत, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असणार. "फॉल्स शॉर्ट" म्हणजे कमी पडतं. आधीच्या चिठ्ठ्याही काढून पाहिल्या. "लीव्ह्ज समथिंग टू बी डिझायर्ड" म्हणजे "उणीव राहते, समाधानकारक नाही." हवंसं वाटतं म्हणे.

आम्लाने खाल्लेली रेघ पुसता येत नाही, बारके. ती काचेच्या अंगात जाते. साठ फ्लास्क फोडून पुन्हा भट्टीत घालावे लागले. मालक म्हणाले, पोरांना सांगतो. मी म्हटलं नको. मीच फोडले.

त्यावर लहान मुलांच्या औषधाचं माप ठरतं. बाईंनी पकडलं म्हणून बरं. नसतं पकडलं तर?

तू खोटं का सांगितलंस?

९ एप्रिल

दादा,

प्रिय वगैरे लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतंच दादा.

पहिल्याच चिठ्ठीत मला कळलं होतं. "नॉट अप टू द मार्क" म्हणजे अपेक्षेला उतरत नाही. पाणी, खूण, काही नाही. तुझी रेघ चुकतेय असंच त्या बाई सांगत होत्या. मी अर्धं खरं सांगितलं आणि तू त्यातून पाणी काढलंस. मला हसू आलं, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दुसऱ्या चिठ्ठीला खरं सांगणं भाग होतं. मी कागद घेऊन बसले आणि तुझं ते वाक्य आठवलं, माझ्या स्टुलावर मशीन बसलं तर मी कुठे बसू. हात चाललाच नाही. मला वाटलं, डोळ्यांचा नंबर बदलला असेल, डॉक्टर चष्मा देईल, पुढचा माल आपोआप सुधारेल आणि मधलं हे कोणाला कळणार नाही. तू महिन्याभरात साठ करशील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय, दादा. प्रगतिपुस्तकावर शेरे. "फेअर." "नॉट बॅड." "कुड डू बेटर." "निअरली देअर." मुलगा थोडा कमी पडला हे सांगायला इंग्रजीत इतके मऊ मऊ शब्द आहेत की एखादं पोर शेरा वाचून आनंदाने घरी जातं. आपण नुसतं "काठावर आहे" म्हटलं की त्याला लख्ख कळतं आपण कुठे उभे आहोत ते. पोरांना असं मऊ बोलून बोलून मला त्याची सवय लागली असेल. कंटाळा आलाय मला या शेऱ्यांचा.

आणखी एक गोष्ट लपवली होती. डिसेंबरात मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. वहिनीला मी सांगितलं होतं की मीच नाही म्हटलं. तसं नाही. समितीचं पत्र आलं, इंग्रजीत. "नॉट क्वाइट द रिमार्केबल लीडर वुई हॅड होप्ड फॉर." महिनाभर ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होते आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. त्यातही तेच दोन शब्द. तुझ्या जागी मी मलाच खोटं सांगितलं, असं आता वाटतं.

रागाव. पण लिही.

बारकी

२८ एप्रिल

वन्सं,

ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर सांभाळून घ्या.

मालकांनी त्यांना खोकी बांधायला बसवलंय. संध्याकाळी येतात, चहा घेतात, भिंतीकडे तोंड करून बसतात. पाठ अशी वाकलीय की मागून ओळखू येत नाहीत. तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मी विचारलं, काय लिहितात वन्सं? तर म्हणाले, "तिचंही स्टूल गेलं." आणि उठून गेले. म्हणजे राग ओसरलाय असं मी समजते. तुम्हीही समजा.

मला एकच कळत नाही. डोळे चांगले, हात जराही थरथरत नाही, मी रोज बघते, सुईत दोरा तेच ओवून देतात. मग रेघ चुकते कशी? परवा हाच विचार करत त्यांच्या पँटी मुडपत होते. या वर्षात दुसऱ्यांदा मुडपल्या. घसरतात आणि टाचेखाली येतात. म्हटलं, कापड का वाढतंय? तर माझ्यावरच खेकसले, म्हणे, "आरसा वर नेलास, आता पँटीही लांब कर."

आरसा मी खरंच हलवलेला नाही हो. खिळा लग्नाच्या वर्षीचा आहे.

तुमची,
वहिनी

३ मे

वहिनी आणि दादा,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. दादा, तू मोठ्याने वाच म्हणजे टाळता येणार नाही.

वहिनीचं पत्र वाचून मी जागेवरून उठले. आरसा हललेला नाही. फळीही तिथेच आहे. कापड वाढत नाही. डॉक्टरांना खुर्ची वर घ्यावी लागली. दादा, तूच मला लहानपणी शिकवलं होतंस, पाण्याची पातळी मधोमध खोलगट असते, डोळा बरोबर तिच्या समोर आणायचा. डोळा वर गेला तर रेघ वर पडते, खाली गेला तर खाली. तुझ्या रेघा सगळ्या एकाच बाजूला चुकतायत ना? सगळ्या कणभर खाली?

तुझं स्टूल किती वर्षांचं आहे?

एक काम करा. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर बाबांनी आपल्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा ओढल्यात. तुझी सगळ्यात वरची एकोणिसाव्या वर्षीची आहे, बाजूला तारीखही आहे. दादा, तिथे टाचा टेकून उभा राहा. वहिनी, तुम्ही डोक्यावर पट्टी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. टाच उचलू देऊ नका, तो उचलेल.

काय निघालं ते खरं लिहा. मीही इथून पुढे खरंच लिहीन.

बारकी

३० मे

बारके,

दोन बोटं.

टाच उचलायला गेलो तर वहिनीने पायावर पाय दिला. तिने खूण केली, मी वळून पाहिलं. बाबांची रेघ वर, माझी नवी रेघ खाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा बघितल्या, स्वतःची खाली येतेय हे कळलंच नाही. कोणी सांगत नाही ना. माणूस रोज एक केस खचतो. आरसा मात्र जागेवर राहतो. आपण आरशाशी भांडत बसतो.

स्टूल मी कारखान्यात लागलो त्या आठवड्यात सुताराने माझ्या मापाने केलेलं. तेव्हा बसलो की डोळा थेट पाण्यासमोर यायचा. पस्तीस वर्षं त्यावर बसतोय, पुन्हा तपासावं असं मनातही आलं नाही. स्टूल बरोबर आहे हे मी धरूनच चाललो होतो. म्हणजे चुकलं कोण? स्टूल नाही, डोळा नाही, हातही नाही. मीच कमी पडलो, तेही अक्षरशः. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. एक डझनाची परवानगी दिली.

आता ऐक. स्टूल उंच करायला सुतार दोन दिवस आलाच नाही. मग तुझा शब्दकोश पिशवीत घालून नेला. तो खाली ठेवला, वर गोणपाट घातलं आणि बसलो. पाण्यासमोर बरोबर डोळा आला. एवढी वर्षं तो घरात पडून होता, शेवटी त्याच्यावर बसल्यावर त्याचा उपयोग झाला. तुझ्या शाळेतल्या पोरांना हे सांगू नकोस.

डझन गेला. सगळा ठेवून घेतला. चिठ्ठी आली, तिच्यात एकच शब्द आहे, "पास्ड." याचा अर्थ तुला विचारत नाही.

मशीन मात्र येतंय. मालकांनी तोंडावर सांगितलं आणि ते मला आवडलं. दिवाणखान्यात बसवून गोड बोलले असते तर जास्त लागलं असतं. वर्षअखेरपर्यंत मी रेघा मारेन, मग घरी बसेन. मी जाईन तो वय झालं म्हणून जाईन, रेघ चुकली म्हणून नाही. एवढंच हवं होतं मला. ते तुझ्यामुळे मिळालं, आणि जवळजवळ गेलं होतं तेही तुझ्यामुळेच. दोन्ही लिहून ठेवतो. खरं लिहायचं ठरलंय ना.

तुझ्या त्या समितीच्या पत्राचं. मला इंग्रजी येत नाही, तरी भाषांतर करून देतो. नॉट क्वाइट म्हणजे त्यांनी तुला खुणेपर्यंत भरून पाहिलंच नाही. जवळपास आणून सोडून दिलं. त्यांना माझ्या मालकांसारखं लिही, "प्लीज फिल फुल. थँक्यू." पर्समधून ते पत्र काढून टाक आता.

एक माझ्याकडूनही सांगायचं राहिलंय. चौकटीवर तुझी दहाव्या वर्षीची रेघ आहे. बाबा म्हणाले होते, या खिळ्यापर्यंत पोचलीस की सायकल. त्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात होती. तू श्वास रोखून उभी होतीस, डोळे घट्ट मिटून. मला बघवलं नाही. पेन्सिल तिरकी धरली आणि रेघ एक बोट वर ओढली. सायकल आली, तुझे पाय पेडलला पुरेनात, चौथ्या दिवशी पडलीस आणि पुढच्या दाताचा टवका गेला. तुला वाटतं सायकल खराब होती. चाळीस वर्षं होत आली, बारके, तू हसलीस की मला आधी तो दात दिसतो. म्हणून तू मला का खोटं सांगितलंस हे मी विचारायला नको होतं. घरातलीच खोड आहे.

सुट्टीत ये. तुझीही उंची बोटभर कमी झालीच असेल. चौकटीशी उभं करतो. डोळे मीट हवं तर.

या वेळी पेन्सिल सरळ धरीन.

दादा